केसपेपरवर वजनाचा रकाना हवा: सोलापुरातील दंतवैद्य आणि फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील दंतवैद्य, फॅमिली डॉक्टर आणि मधुमेहतज्ज्ञ यांस

विषय: हिरड्यांचा उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाचे वजन व कमरेचा घेर नोंदवण्याबाबत

डॉक्टरहो, सप्रेम नमस्कार.

गेली 22 वर्षे मी या शहरात हिरड्यांच्या रोगांवर उपचार करत आहे. एवढ्या काळात माझ्या केसपेपरवर तंबाखूचा रकाना होता, मधुमेहाचा होता, रक्तदाबाचा, गरोदरपणाचा आणि पेनिसिलिनच्या ॲलर्जीचाही होता. वजनाचा मात्र कधीच नव्हता. तो का नव्हता, याचे पटण्यासारखे उत्तर मला देता येत नाही. तो आपणा सर्वांच्या केसपेपरवर यावा, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

निमित्त एका रुग्णाचे झाले. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्याचे काम करणाऱ्या, वयाने 46 वर्षांच्या एक बाई ब्रश करताना रक्त येते म्हणून माझ्याकडे आल्या. मिश्री नाही, तंबाखू नाही, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 5.5. पुढच्या दातांची हाडे बऱ्यापैकी शाबूत होती, पण दाढांभोवती पाच, सहा आणि दोन ठिकाणी सात मिलिमीटरचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खोल झालेली फट, होते. भूल देऊन दोन बैठकांत हिरडीखालची खोल सफाई केली, म्हणजे आपण ज्याला स्केलिंग आणि रूट प्लेनिंग म्हणतो ते केले, दातांच्या फटींत फिरवायचे छोटे ब्रश दिले, ते कसे वापरायचे हे आरशात दाखवले आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले.

त्या दिवशी माझी सहायक नेहमीप्रमाणे कागद घेऊन बसली आणि मी प्रोब, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, हिरडीच्या फटीत हलकेच उतरवत आकडे सांगू लागलो. एका दाताला सहा ठिकाणी, 28 दातांना 168 ठिकाणी हा आकड्यांचा पाढा चालतो. फॅमिली डॉक्टरांच्या माहितीसाठी सांगतो की तीन मिलिमीटरपर्यंत हिरडी निरोगी मानतात, चारपासून पुढे सावध व्हावे लागते, आणि सफाईनंतरही सहा किंवा त्याहून अधिक आकडा राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तीन, तीन, दोन असे चालले होते, तोवर ठीक होते. उजव्या वरच्या दाढेपाशी पोहोचलो आणि पाच, सहा, पाच सुरू झाले. प्रोब काढताच त्याच्या मागोमाग रक्ताचा बारीक थेंब वर येई. मी हातमोजे काढले आणि या क्षणी आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतात तेच म्हणालो: "अक्का, घासण्यात कुठेतरी कमी पडताय."

"मी काय खोटं बोलते का डॉक्टर? दोन टायमाला घासते की हो," असे म्हणून त्यांनी पिशवीतून तो फटींचा ब्रश काढून दाखवला. तारेवरचे केस झिजून गेले होते. शंका नको म्हणून दातांवरचा थर रंगवून दाखवणारी गोळी त्यांना चघळायला दिली. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जरासा रंग चढला, दाढा जवळपास स्वच्छ होत्या. बाईंचे म्हणणे खरे होते आणि माझे चुकीचे. मग खालच्या औषधांच्या दुकानातला काटा वर आणवला. वजन 84 किलो, उंची 152 सेंटिमीटर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 36 च्या वर. कमरेचा घेर 104 सेंटिमीटर. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर चार महिने खुर्चीत बसलेली होती आणि मी ती पाहिली नव्हती. किंवा पाहून, तिचा माझ्या कामाशी संबंध नाही असे ठरवून टाकले होते.

संबंध आहे, हे नवीन संशोधन नव्हे. 1977 साली पर्लस्टीन आणि बिसादा यांनी लठ्ठ उंदरांच्या दाताभोवती दोरा बांधून हिरडीचा दाह निर्माण केला, तेव्हा त्यांच्यात हाडांची झीज सडपातळ उंदरांपेक्षा अधिक झाली. 1998 साली साइतो आणि सहकाऱ्यांनी 241 निरोगी जपानी प्रौढांची पाहणी करून लठ्ठपणा आणि हिरडीरोग यांचा संबंध माणसांतही दिसतो असे कळवले. 2011 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात लठ्ठ व्यक्तींत हिरडीरोग आढळण्याची शक्यता सुमारे 1.8 पट निघाली. इथवरचा भाग आपल्याला परीक्षेपुरता तरी माहीत असतो. रोग होण्याची शक्यता हा एक प्रश्न झाला. झालेल्या रोगाला आपला उपचार किती लागू पडतो, हा दुसरा, आणि मला तोच अधिक छळतो.

या दुसऱ्या प्रश्नावर 2014 साली सुवान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र हिरडीरोगाच्या 260 रुग्णांवर शस्त्रक्रियेविना उपचार केल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या हिरड्या तपासल्या, तेव्हा बॉडी मास इंडेक्स जास्त असलेल्यांमध्ये पॉकेटची सरासरी खोली अधिक राहिली होती, चार मिलिमीटरपेक्षा खोल जागा अधिक उरल्या होत्या आणि रक्तही अधिक ठिकाणांहून येत होते. मला थांबवणारे वाक्य त्यापुढचे आहे: लठ्ठपणाचा हा परिणाम साधारण धूम्रपानाच्या परिणामाएवढाच भरला. धूम्रपानाविषयी आपण पहिल्याच भेटीत विचारतो, दिवसाला किती ते लिहून घेतो, न सोडल्यास निकाल बरा येणार नाही असे रुग्णाला बजावतो. तेवढेच नुकसान करू शकणाऱ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही, आणि निकाल बिघडला की ब्रशवर खापर फोडतो.

हे असे का होत असावे, याचे उत्तर चरबीच्या स्वभावात आहे. चरबी म्हणजे शरीराचे साठवणीचे पोते, अशी समजूत आपल्या पिढीतील अनेकांची महाविद्यालयात असताना होती. 1993 साली लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ अल्फा हा दाह वाढवणारा रेणू तयार होताना दिसला, 1994 साली चरबीतूनच स्रवणाऱ्या लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला, आणि चरबी ही स्वतः संप्रेरके सोडणारी ग्रंथी आहे हे मान्य करावे लागले. विशेषतः पोटातील चरबी फुगते तसतशा तिच्यात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गर्दी करतात. टीएनएफ अल्फा आणि इंटरल्युकिन 6 हे दाहाचे रेणू रक्तात वाढतात. इंटरल्युकिनच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन अधिक बनवते. दाह शमवणारे ॲडिपोनेक्टिन मात्र घटते. इन्सुलिनला दाद न देण्याची पेशींची सवय याच वातावरणात बळावते. हा दाह ताप आणत नाही, सूज दाखवत नाही, रुग्णाला जाणवतही नाही, पण दिवसरात्र चालू असतो.

आता यात हिरडी ठेवून पाहा. हिरडीरोगात हाड झिजते ते जिवाणूंनी कुरतडल्यामुळे कमी आणि जिवाणूंना शरीराने दिलेल्या दाहक उत्तरामुळे जास्त. आपण मुळांवरचे कीट खरवडतो, म्हणजे त्या दाहाचे स्थानिक कारण काढतो. सडपातळ, तंबाखू न खाणाऱ्या रुग्णात एवढ्याने दाह उतरतो, हिरडी मुळाला घट्ट बसते आणि पॉकेट उथळ होते. ज्याच्या रक्तात दाहाचे रेणू आधीच चढे आहेत, त्याच्यात उरल्यासुरल्या जिवाणूंनाही शरीर मोठ्या आवाजात उत्तर देत राहते. 2021 साली अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातून आलेल्या उंदरांवरच्या अभ्यासाने आणखी एक धागा दाखवला: लठ्ठपणात वाढणाऱ्या काही अपरिपक्व रोगप्रतिकारक पेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींत रूपांतरित होऊ शकतात. उंदरांतले सगळेच माणसांत उतरत नाही हे मान्य, पण दिशा तीच आहे.

सर्वच अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही इथेच सांगणे माझे कर्तव्य आहे. काही अभ्यासांत लठ्ठ आणि सडपातळ रुग्णांची सुधारणा सारखीच दिसली. कुणी लठ्ठपणा इंडेक्सने ठरवला, कुणी कमरेने. कुणी दोन महिन्यांनी मोजले, कुणी सहा महिन्यांनी. मधुमेह आणि तंबाखू वेगळे काढण्याची काटेकोरीही सर्वत्र सारखी नाही. एखादा चिकित्सक सहकारी म्हणेल की हा सगळा मधुमेहाचाच खेळ आहे, लठ्ठपणा निमित्तमात्र. काही रुग्णांत ते खरेही असेल. पण वर सांगितलेल्या बाईंची साखर उत्तम होती, आणि साखर उत्तम असणारे असे वजनदार रुग्ण आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात रोज येतात. शिवाय लठ्ठ रुग्णाला उपचाराचा फायदा होतच नाही, असे कोणताही अभ्यास म्हणत नाही. फायदा होतो, काहींमध्ये तो अपेक्षेपेक्षा कमी होतो, एवढेच.

हिरडीरोगाच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणातही ही सावध भूमिका दिसते. तिथे रोगाची श्रेणी, म्हणजे तो किती वेगाने वाढेल याचा अंदाज, दोन गोष्टींनी बदलते: धूम्रपान, ज्याची सीमारेषा दिवसाला 10 सिगारेटची आहे, आणि मधुमेह, ज्यात एचबीए1सी 7 टक्क्यांना सीमारेषा मानले आहे. लठ्ठपणाला हिरडीरोगावर प्रभाव टाकणाऱ्या स्थितींच्या यादीत जागा मिळाली आहे, पण श्रेणी बदलण्याचा अधिकार मिळालेला नाही. म्हणून वजन पाहून कुणाची श्रेणी वर ढकलावी, असे मी सुचवत नाही. ते वेगळे लिहून ठेवावे, एवढेच म्हणतो. (10 सिगारेटचा हिशेब आपल्या पूर्वभागातील विडीला, माव्याला आणि मिश्रीला कसा लावायचा, हा सोलापुरातील दंतवैद्यांपुढचा निराळाच प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवे.)

आपल्या देशात मोजमापाची पट्टीही वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही. युरोपीय माणसाला 30 च्या पुढे लठ्ठ म्हणतात. भारतीयांसाठी 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरण्याची शिफारस आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते. कमरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत देशातील 39.5 टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर आढळला. एकूण अंग किरकोळ आणि पोट तेवढे पुढे, असा यंत्रमागावरचा कामगार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. काट्यावर तो सुटतो, टेपवर सापडतो. म्हणून दोहोंपैकी एकच मोजायचे असेल तर टेप घ्या, असे मी म्हणेन. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. ज्या शहरात टेप गळ्यात अडकवलेला माणूस गल्लोगल्ली आहे, तिथे या साधनाची टंचाई सांगता येणार नाही.

दंतवैद्य सहकाऱ्यांना माझी पहिली विनंती निकालाच्या आश्वासनाबद्दल आहे. "एकदा डीप क्लीनिंग करून घ्या, सगळे ठीक होईल," हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. घेर मर्यादेबाहेर असलेल्या रुग्णाला आधीच सांगावे की पहिल्या सफाईनंतर काही जागा खोल राहू शकतात, त्या पुन्हा साफ कराव्या लागतील, एखाद्या दाढेला फ्लॅप शस्त्रक्रियाही (हिरडी उघडून केलेली सफाई) लागेल, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी नव्हे, तीन महिन्यांनी होईल. हे आधी सांगितले तर ती माहिती असते, नंतर सांगितले तर सबब वाटते. "क्लीनिंग केल्यावर दात हलायला लागतात" ही समजूत आपल्याकडे आधीच घट्ट आहे. अर्धवट सुधारलेला रुग्ण घरी जाऊन तिला बळच देतो. दुसरे असे की पॉकेट उरले म्हणून लगेच प्रतिजैविकांची चिठ्ठी लिहू नये. दाहाचे मूळ पोटाच्या चरबीत असेल, तर तो पाच दिवसांच्या गोळ्यांनी हटणार नाही.

वागण्याबद्दलही लिहितो, कारण तिथे आपण अधिक चुकतो. "आधी वजन कमी करा, मग या," असे सांगून रुग्णाला परत पाठवणे मला पूर्णपणे अमान्य आहे. हिरडीतला पू वजन उतरेपर्यंत थांबत नाही. काटा प्रतीक्षाकक्षात, दहा जणांच्या देखत ठेवू नये आणि आकडा मोठ्याने पुकारू नये. रक्तदाबाचा पट्टा जाड दंडाला पुरेसा मोठा हवा, नाहीतर आकडा खोटाच वाढलेला दिसतो आणि भूल देताना आपण उगाच बिचकतो. पोट मोठे असणाऱ्यांना खुर्ची पूर्ण आडवी केली की धाप लागते. त्यांना थोडे उठवून बसवले, तर काम मंद होईल, पण होईल. रात्री घोरतो का, तोंड उघडे टाकून झोपतो का, हेही विचारावे, कारण कोरड्या पडलेल्या हिरड्या पुढच्या दातांपाशी लालभडक दिसतात आणि त्याचाही दोष ब्रशला जातो.

फॅमिली डॉक्टर आणि मधुमेहतज्ज्ञ यांच्याकडे मागणे त्याहून छोटे आहे. वजन आणि घेर आपल्याकडे आधीपासून नोंदलेले असतात. आमच्याकडे रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर ते आणि शेवटचा एचबीए1सी लिहावेत. आणि आपल्या लठ्ठ रुग्णांना एक प्रश्न विचारावा: ब्रश करताना किंवा भाकरी चावताना रक्त येते का? याचा लाभ एकतर्फी नाही. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.43 ने उतरतो, असे 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, नोंदले आहे. आशाताई घरोघरी तीस वर्षांपुढच्या लोकांच्या कमरेचा घेर मोजतातच. त्याच भेटीत हा प्रश्नही त्यांनी विचारावा, यासाठी महापालिका व जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आपण मिळून आग्रह धरू शकतो.

भाकरीचा उल्लेख सहज केलेला नाही. दात हलू लागले की सोलापूरचा माणूस सर्वांत आधी कडक भाकरी सोडतो. आधी ती आमटीत भिजवून खातो, मग तीही नको होते, आणि तिच्या जागी चहात बुडवलेली खारी, पाव, बिस्किटे येतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीने भरलेले पोट मैद्याने आणि साखरेने भरू लागते. वजन वाढल्याने हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडल्याने वजन वाढवणारा आहार वाढतो, हे चक्र मी माझ्या रुग्णांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे, पण त्याला चक्र म्हणून ओळखायला मला उशीर झाला. आहारतज्ज्ञ भाकरी खा असे सांगतात तेव्हा, ती चावायला दाढा आहेत का, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे.

वजन उतरल्यावर हिरड्या उपचाराला अधिक दाद देतात का, याची चुणूक 2012 सालच्या एका छोट्या अभ्यासात मिळते. त्यात 30 जणांपैकी निम्म्यांचे वजन बॅरिॲट्रिक (वजन घटवण्यासाठी केलेल्या) शस्त्रक्रियेनंतर बरेच उतरलेले होते, आणि त्याच सफाईचा गुण त्यांना इतरांपेक्षा अधिक आला. 30 ही संख्या फार लहान आहे आणि शस्त्रक्रिया हा सर्वांचा मार्ग नव्हे. तरीही रुग्णाला आशेने सांगावे असे त्यात काहीतरी आहे.

त्या बाईंची मी क्षमा मागितली. त्यांनी ती हसून घेतली, पण नंतर म्हणाल्या, "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" उरलेल्या जागा पुन्हा साफ केल्या, त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आणि आता पुढची तपासणी गड्ड्याची यात्रा उलटल्यावर आहे. त्या दिवशी 168 आकड्यांच्या खाली, त्याच कागदावर, वजन आणि घेरही लिहिला जाईल. नव्या केसपेपरचा नमुना मी छापून घेतला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी दवाखान्यातून घेऊन जावा, आणि त्यात काही चुकले असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवावा.

आपला स्नेहांकित,
सोलापुरातील एक हिरडीरोगतज्ज्ञ